पायथनचं ‘इंट’, पाया दोन: दोन गळीत हंगामांनंतरचा अभिप्राय

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘इंट’ नावाचं फंक्शन आहे, ते शून्य-एकच्या मजकुराचा आकडा करतं. त्याचा हा अभिप्राय. आधी गुण सांगते: पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कुठे कापला ते पुढे येईल.

मी एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काम करते. प्रोग्रामर नाही. प्रेशर स्विच, तापमानाचे सेन्सर, पॅनेलची वायरिंग हे माझं रोजचं काम. पण मिल हाऊसमधला डेटा लॉगर हंगामभर दर सेकंदाला एक ओळ लिहीत असतो आणि ती वाचायची जबाबदारी माझ्याकडे आहे. ओळीत तारीख, वेळ आणि पुढे सोळा अक्षरं: "१०००११०००००००००१". प्रत्येक अक्षर एकेका गोष्टीची हकिकत सांगतं. डावीकडचं पहिलं म्हणजे मिल चालू आहे की बंद. उजवीकडचं शेवटचं म्हणजे ल्युब ऑइलचा दाब कमी झालाय का. मधल्या चौदांत गव्हाण (मिलकडे ऊस नेणारा पट्टा), मोटरवरचा जादा भार, बेअरिंगचं तापमान वगैरे. लॉगर हे सगळं मजकूर म्हणून लिहितो, आकडा म्हणून नाही. त्यामुळे कामाला लागायचं तर आधी या मजकुराचा आकडा करावा लागतो, आणि सगळी गोम तिथंच आहे.

पहिल्या हंगामात मी हे काम स्प्रेडशीटमध्ये केलं. फाइल उघडायची, रकाने पाडायचे, आलेख काढायचा. नीट चाललंय असं वाटत होतं. जानेवारीत मिल हाऊसचे मामा दोन-तीनदा येऊन सांगून गेले, “मॅडम, रात्रपाळीला ऑइलचा दिवा लागतोय बघा. जरा येळ लागतोय आन् जातोय.” मी शीट उघडून दाखवली. अकरा दिवसांच्या नोंदीत मिल चालू असताना त्या रकान्यात एकदाही १ नव्हता. मामा म्हणाले, “मी डोळ्यानं बघितलंय की ओ.” मी त्यांना शीटच पुन्हा दाखवली.

बाराव्या दिवशी पहाटे बेअरिंग तापलं. मिल साडेचार तास बंद राहिली. बाहेर यार्डात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे, थंडीत माणसं शेकोटी करून बसलेली. फिल्टर काढला तर चोंदलेला. दाब काही सेकंद खाली जात होता, परत वर येत होता. दिवा खरं बोलत होता.

मग मी मूळ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. तिथं शेवटी १ होता, शेकडो ठिकाणी होता. स्प्रेडशीटनं काय केलं होतं ते तेव्हा कळलं. तिनं सोळा अक्षरांची ती स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची ओळ) बायनरी, म्हणजे फक्त शून्य-एकमध्ये लिहिलेला आकडा, म्हणून वाचलीच नव्हती. तिच्या लेखी तो एक हजार लाख कोटींच्या घरातला साधा दशमान आकडा होता. आणि स्प्रेडशीट आकड्याचे पंधराच अंक जपते, सोळाव्या अंकाच्या जागी शून्य घालते. मिल बंद असली की डावीकडचं पहिलं अक्षर ०, म्हणजे आकडा पंधरा अंकी किंवा त्याहून लहान, म्हणून शेवटचं अक्षर शाबूत. मिल चालू झाली की पहिलं अक्षर १, आकडा सोळा अंकी, आणि शेवटचा अंक गेला. म्हणजे ऑइलचा इशारा नेमका मिल चालू असतानाच पुसला जात होता. रकाना मजकूर म्हणून उघडायला हवा होता. ते मला माहीत नव्हतं, आणि मी मामांपेक्षा शीटवर जास्त विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात मी पायथन शिकायला घेतलं, आणि त्यातल्या ज्या एका फंक्शनवर माझं काम उभं आहे त्याचा हा अभिप्राय. दोन हंगाम वापरून लिहितेय. पैसे लागत नाहीत, पायथन मोफत आहे. कंट्रोल रूमच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

फंक्शनचं नाव इंट. कंसात दोन गोष्टी द्यायच्या: अवतरणचिन्हात स्ट्रिंग आणि स्वल्पविरामानंतर पाया, म्हणजे आकडा किती अंकांच्या पद्धतीत लिहिलाय ते: बायनरीला दोन, रोजच्या दशमानाला दहा. इंट("१०११", २) म्हटलं की उत्तर ११. आमची वरची सोळा अक्षरं दिली की ३५८४१. पाया २ ते ३६ यांपैकी कुठलाही चालतो. शून्य दिला तर स्ट्रिंगच्या सुरुवातीची खूण बघून पाया तेच ठरवतं.

आत काय घडतं ते समजून घेतल्याशिवाय मला यंत्र वापरवत नाही, म्हणून सांगते. डावीकडून सुरू करा. हातात असलेल्याची दुप्पट करा, पुढचा अंक मिळवा. १०११ घ्या: आधी १. त्याची दुप्पट २, अधिक ०, झाले २. दुप्पट ४, अधिक १, झाले ५. दुप्पट १०, अधिक १, झाले ११. एवढंच. (प्रत्यक्षात पाया दोन, चार, आठ असा दोनाचा घात असला की पायथन गुणाकार करत बसत नाही, बिटं, म्हणजे ते एकेक शून्य किंवा एक, थेट त्यांच्या जागी बसवतं. उत्तर तेच.)

ही दुपटीची रीत वाचताना मला शाळेतले गण आठवले. यमाचा, राधिका, ताराप, जनास. लघु-गुरूंची रचना दिली की प्रस्तारात (सगळ्या शक्य रचनांच्या यादीत) तिचा क्रमांक कितवा, हे काढायची रीत आपल्याकडे छंदशास्त्रात आहे, तिला उद्दिष्ट म्हणतात. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात ती अशी: अक्षरांवर डावीकडून १, २, ४ असे दुपटीचे अंक लिहायचे, लघूवरच्या अंकांची बेरीज करायची आणि एक मिळवायचा. जनास म्हणजे लघु, गुरु, लघु. एक अधिक चार, अधिक एक, सहा. म, य, र, स, त, ज असा प्रस्तार मोजला तर जगण खरंच सहावा. दोन चिन्हांच्या ओळीचा आकडा करायचा हा हिशेब कॉम्प्युटरच्या किती आधीचा आहे, हे कळल्यावर मी तो मामांना कागदावर करून दाखवला. त्यांना भजनातली वृत्तं पाठ आहेत, त्यांनी लगेच उचललं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. उद्दिष्टात सगळ्यात लहान अंक डावीकडे असतो, इंटमध्ये उजवीकडे. हा फरक नुसता पुस्तकी नाही. आमच्या एका फ्लो मीटरच्या माहितीपुस्तिकेत बिटांचे क्रमांक डावीकडून दिलेत, लॉगरच्या पुस्तिकेत उजवीकडून. इंट नेहमी उजवीकडचं अक्षर एककाचं धरतं. तुमच्या यंत्राची दिशा उलटी असेल तर स्ट्रिंग आधी उलटी करून मग द्या. पुस्तिकेवर विसंबू नका. एखादा स्विच हातानं चालू करून कुठलं अक्षर बदलतं ते बघा.

आता या फंक्शनचा मला सगळ्यात आवडलेला गुण. याला वाचता आलं नाही तर हे नाही म्हणतं.

आमच्याकडे लॉगरची केबल मोठ्या मोटरच्या केबलशेजारून जाते. मोटर सुरू होताना कधीकधी ओळीत कचरा येतो. "१०००?१००००००००१०" अशी ओळ. पाचव्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. इंटला दिली तर ते तिथंच थांबतं, व्हॅल्यू एरर देतं, आणि संदेशात पाया कोणता होता ते सांगून ती अख्खी स्ट्रिंग अवतरणात जशीच्या तशी दाखवतं. मला ओळ शोधावी लागत नाही. प्रश्नचिन्हाच्या जागी २ आला, इंग्रजी ओ आला, मध्येच रिकामी जागा आली, तरी हेच. पूर्ण रिकामी स्ट्रिंग दिली तरी शून्य म्हणून गिळत नाही, एररच देतं.

हे किती मोलाचं आहे ते जावास्क्रिप्टच्या पार्सइंटशेजारी ठेवल्यावर कळतं. आमचा मिलचा पडदा, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा डॅशबोर्ड, जावास्क्रिप्टमध्ये आहे. पार्सइंटला तीच ओळ आणि पाया दोन दिला तर ते जिथपर्यंत वाचता येतं तिथपर्यंत वाचतं आणि उरलेलं सोडून देतं. म्हणजे "१०००" एवढंच धरलं आणि उत्तर आलं ८. काही तक्रार नाही. आमच्या यादीत आठ म्हणजे ‘गव्हाण थांबली’. कचऱ्याच्या एका अक्षरामुळे चालू मिल बंद आणि चालती गव्हाण थांबलेली दिसणार. पार्सइंटचं हे वागणं त्याच्या नियमाप्रमाणेच आहे, लपवलेलं काही नाही. शेवटी ‘पिक्सेल’ची खूण लावलेल्या लांबीसारख्या मजकुरातून आकडा काढायला ते सोयीचंही आहे. पण यंत्राच्या इशाऱ्यांसाठी ते मी वापरणार नाही. जावास्क्रिप्टच वापरायचं असेल तर स्ट्रिंगच्या पुढे शून्य आणि बी ही खूण जोडून नंबर फंक्शनला द्या. ते अख्खी स्ट्रिंग तपासतं आणि गडबड असली तर ‘नॅन’, म्हणजे हा आकडा नाही, असं सांगतं. चौसष्ट अक्षरांच्या स्ट्रिंगा असतील तर बिगइंट घ्या, कारण तिथला साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे एककापर्यंत नेमका राहीलच असं नाही. पायथनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

जावाचं पार्सइंटही कडक आहे, चुकीच्या अक्षरावर अडतं. मात्र शेजारची मोकळी जागासुद्धा त्याला चालत नाही. इंट इथं समजूतदार आहे. आमच्या लॉगरच्या ओळीला शेवटी नवी ओळ सुरू करायच्या दोन अदृश्य खुणा असतात. इंट मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा आणि अशा खुणा स्वतः झटकतं. चार-चार अक्षरांनंतर अधोरेषा टाकून "१०००_११००_००००_०००१" असं लिहिलं तरी चालतं, ही सोय पायथन ३.६ पासून आहे. हातानं चाचणीच्या स्ट्रिंगा लिहिताना मी नेहमी असंच लिहिते, डोळ्याला मोजता येतं. दोन अधोरेषा लागोपाठ टाकल्या तर मात्र एरर.

आणि ज्यासाठी मी हा अभिप्राय मराठीत लिहायला घेतला ती गोष्ट: अवतरणात मराठी आकडे चालतात. वर मी सगळ्या स्ट्रिंगा मराठी आकड्यांत लिहिल्यात, त्या तशाच उचलून इंटला दिल्या तरी उत्तर बरोबर येतं. मला हे अपघातानंच कळलं. रात्रपाळीच्या एका ऑपरेटरनी टॅबवर मराठी कीबोर्ड ठेवून चाचणीची स्ट्रिंग टाकली होती, मी धावत बघायला गेले, आणि उत्तर नीट आलेलं. युनिकोडमध्ये जे जे चिन्ह दशमान अंक म्हणून नोंदलेलं आहे ते इंट ओळखतं, त्यात आपले शून्य ते नऊ आहेत. स्ट्रिंगबाहेरचा पाया मात्र इंग्रजी दोननंच लिहावा लागतो, कारण तो प्रोग्रामचा भाग आहे. ज्या माणसांनी हे फंक्शन लिहिलं त्यांच्या मनात आमची रात्रपाळी नसेल, पण आमच्या ऑपरेटरला कीबोर्ड बदलावा लागला नाही, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. तुम्हाला फक्त इंग्रजी शून्य आणि एकच हवे असतील, समजा कुणी आकड्यांची सरमिसळ केलेली पकडायची असेल, तर ती तपासणी तुम्ही आधी करा. इंट ती करणार नाही.

आणखी एक तपासणी इंट करत नाही: लांबी. वीज गेली आणि ओळ तेरा अक्षरांवरच तुटली, तर ती तेरा अक्षरं म्हणजेही एक वैध बायनरी आकडा आहे. इंट तो आनंदानं देईल. सगळी बिटं तीन जागा सरकलेली असतील. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये इंटच्या आधीची ओळ नेहमी लांबी सोळा आहे का ते बघते, नसेल तर ती नोंद बाजूला काढते. गेल्या हंगामात अशा नोंदी बाजूला निघाल्या, जवळजवळ सगळ्या वीज गेल्याच्या वेळच्या.

पाया लिहायला विसरलात तर काय होतं तेही सांगायला हवं. इंट("१०००११०००००००००१") एवढंच लिहिलं तर एरर येत नाही. पाया दहा धरला जातो आणि तोच सोळा अंकी आकडा परत मिळतो. स्प्रेडशीटनं केलं त्याच वाटेनं जाणारी चूक. फरक एवढाच की इथं शेवटचा अंक गळत नाही, पण अर्थ चुकलेलाच. दुसऱ्या बाजूनं, स्ट्रिंगऐवजी आधीच आकडा झालेली गोष्ट पाया दोनसकट दिली तर इंट टाइप एरर देतं. मला हे फार उपयोगी पडलं. फाइल वाचणाऱ्या एका लायब्ररीनं (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडनं) रकाना परस्पर आकडा करून ठेवला होता, पुढची शून्यं उडवली होती, ते या एररमुळेच कळलं. तेव्हापासून मी पायथनसोबत येणारं साधं सीएसव्ही मॉड्यूल वापरते, ते मजकूर मजकूरच ठेवतं.

आता कापलेला अर्धा गुण. लॉगरच्या दुसऱ्या एका रकान्यात रोलरच्या जागेतला फरक येतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. तो ऋणही असतो. यंत्र ऋण आकडा दोनाच्या पूरक पद्धतीनं लिहितं, म्हणजे सोळा बिटांत उणे पाच हे "१११११११११११११०११" असं येतं. इंट त्याला ६५५३१ म्हणतं. त्याचं चूक नाही, कारण सोळा बिटं ही मर्यादा त्याला कुणी सांगितलेलीच नाही. त्याच्यासाठी ऋण म्हणजे पुढे उणे चिन्ह. पण बाइटवरून आकडा करणाऱ्या पायथनच्याच फंक्शनमध्ये ‘चिन्हासहित’ असा पर्याय आहे, मग इथं रुंदी सांगायची सोय का नसावी? सध्या मी हातानं करते: उत्तर ३२७६८ किंवा त्याहून मोठं आलं तर त्यातून ६५५३६ वजा करायचे. एक ओळीचं काम आहे, पण नव्या माणसाला ती ओळ लागते हेच ठाऊक नसतं, आणि रोलर साडेसहाशे मिलिमीटर वर उचललेला दिसतो.

उलट्या दिशेनं, आकड्याची परत स्ट्रिंग करताना पुढची शून्यं जातात, तेव्हा सोळा रुंदी सांगून फॉरमॅट वापरा. त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या हंगामात मी जो उपयोग केला तो मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवसाचे सेकंद ८६४००. ऑइलच्या बिटाची दिवसभराची सगळी अक्षरं एकापुढे एक जोडली, ८६४०० अक्षरांची एकच स्ट्रिंग झाली. ती इंटला पाया दोननं दिली. एकच आकडा मिळाला, अवाढव्य. मोटरवरच्या जादा भाराच्या बिटाचंही तसंच केलं, दुसरा आकडा. मग दोन्हींमध्ये ‘आणि’ची क्रिया लावली. ज्या सेकंदांना दोन्ही इशारे एकदम होते तेवढ्याच जागी १ उरले. पायथन ३.१० पासून पूर्णांकाला एकांची संख्या विचारता येते, ती विचारली. ऑइलचा दाब भार वाढला की पडतो, की फिल्टर चोंदला म्हणून एरवीही पडतो, याचं उत्तर त्या एका संख्येत होतं. पूर्वी मी यासाठी दोन आलेख एकावर एक ठेवून डोळे ताणत बसायची.

इथं एक अडथळा येतो तो आधीच सांगून ठेवते. तो आकडा पडद्यावर दशमानात छापू नका. सुमारे २६००० अंक होतात, आणि पायथन ३.११ पासून ४३०० अंकांपलीकडचं दशमान रूपांतर मुळातच अडवलेलं आहे. लांबी वाढेल तसा त्याचा वेळ झपाट्यानं वाढतो आणि कुणी मुद्दाम लांबलचक आकडा पाठवून कॉम्प्युटर अडकवू शकतो, म्हणून ही मर्यादा. पाया दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस यांना ती लागू नाही. म्हणून स्ट्रिंग आत जाताना काही अडचण आली नाही आणि छापताना एरर आली, तेव्हा मला वाटलं रूपांतरच चुकलं. रूपांतर बरोबर होतं.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे मीटर, लॉगर, प्रवेशद्वाराची हजेरी असलं काही शून्य-एकच्या मजकुरात येतं त्यांनी. स्प्रेडशीटमधलं बायनरीचं तयार फंक्शन दहाच अक्षरं घेतं आणि उजवीकडून दहावं चिन्हाचं धरतं, सोळा अक्षरांना ते पुरत नाही.

यंदा अग्निप्रदीपनाच्या आधी आम्ही चाचणी घेतली. मामा पॅनेलपाशी, मी कंट्रोल रूममध्ये. फिटरनं ऑइलचा प्रेशर स्विच हातानं दाबून धरला. मामांनी वहीत वेळ लिहिली: दिवा लागला, ११ वाजून ४२ मिनिटं ०७ सेकंद. स्क्रिप्टनं काढलेल्या ओळीत वेळ तीच होती, ११:४२:०७, आणि शेवटचं बिट १. मामांनी दोन्ही वेळा शेजारी ठेवून पाहिल्या, वहीत खाली सही केली आणि म्हणाले, “आता मोळी टाका.”